प्रसंग क्रमांक सातमधली विहीर

"साहेब, तुमच्या गावातली नदी उलटी वाहून राहिली."

दुसऱ्या बाकावरचे गावंडे उभे राहून हे म्हणाले, तेव्हा मी हातातला खडू खाली ठेवला. सकाळपासूनची ही चौथी चूक होती. पहिल्या प्रसंगात नदी गावाच्या उत्तरेला होती आणि चौथ्या प्रसंगात पूर मात्र दक्षिणेकडून आला होता. गाव मीच वसवलेलं, नदीही मीच सोडलेली. कोणावर चिडणार?

"बरोबर आहे," मी म्हणालो, आणि फळ्यावर त्यांच्या गटाला एक मार्क दिला. सगळ्या हॉलनं टाळ्या वाजवल्या.

हे काय चाललं होतं ते सांगतो. पंचायत राज नुकतंच आलं होतं. निवडून आलेल्या सरपंच-पंचांना कारभार शिकवायला अमरावतीला, बडनेरा रोडवर, भाड्याच्या बंगल्यात एक प्रशिक्षण केंद्र उघडलं होतं. मागच्या अंगाला टिनाचा हॉल. दहा-दहा दिवसांची एकेक बॅच यायची. मी तिथं शिकवायला होतो. खरं तर मी वकील. पण कोर्टात दोन वर्षं काळा कोट घालून बसलो तरी माझ्याकडे कोणी फिरकलं नाही, म्हणून नोकरी धरली. नोकरी टेम्पररी होती. पंच मंडळी मला "वकीलसाहेब" म्हणत, आणि मी ते मोठ्या खुशीत ऐकून घेत असे.

कायद्याची कलमं वाचायला लागलो की अर्धा हॉल पेंगायचा. म्हणून मी एक खेळ तयार केला. आनंदखेड नावाचं खोटं गाव. नऊ जणांनी त्याची पंचायत व्हायचं. एक सरपंच, बाकीचे सदस्य क्रमांक दोन ते नऊ. प्रत्येकाला त्याची बोलायची वाक्यं कागदावर लिहून दिलेली. मी एक प्रसंग वाचायचा. तोडग्याचे तीन मार्ग. त्यांनी वाद घालायचा, मतं घ्यायची, एक मार्ग निवडायचा. मग मी बंद लिफाफा फोडून निकाल वाचायचा: "गावात रोगराई पसरली, लोकमत दोनने उतरले." फळ्यावर पाणी, रस्ता, शाळा, लोकमत असे चार रकाने. असे बारा प्रसंग मी लिहिले. आमच्या राजापेठेतल्या खोलीत, पंख्याखाली बसून लिहिले. आयुष्यात एक रात्रही खेड्यात काढली नव्हती. पण कलम आणि पोटकलम पाठ होतं, आणि मला वाटे तेवढ्यानं गाव उभं राहतं.

आमचे प्राचार्य नानोटीसाहेब. स्वभावानं भला माणूस, पण फाइलला फार भ्यायचे. त्यांनी बारा प्रसंग वाचले आणि म्हणाले, "जोशी, चांगलं आहे. पण जरा स्थानिक रंग भरा. हे गाव कुठलंही वाटतं."

मी रंग भरला. जिथं नुसतं "नदी" लिहिलं होतं तिथं "पूर्णा नदी" केलं. एवढ्या एका शब्दानं पुढं जे काही झालं ते झालं. नुसती नदी ठेवली असती तर आज मी हे लिहीत बसलो नसतो.

दुसरी हुशारी माझी स्वतःची. पहिल्याच दिवशी मी जाहीर केलं, "प्रसंगात कोणी चूक दाखवली तर त्या गटाला एक मार्क." हेतू असा की लोक नीट ऐकतील. लोक ऐकायला लागले, पण खेळायचे थांबले!

"देवाच्या नावानं सोडलेला गोऱ्हा कोनी कोंडवाड्यात टाकते काय? आनंदखेडच्या सरपंचाले गावात राह्याचं हाय का नाही?" एक मार्क.

"गुरुवारी गावचा बाजार अन् गुरुवारीच ग्रामसभा? येईन कोन, तुमी?" एक मार्क.

"कपाशीची वेचनी चालू असताना रस्त्याचं काम काढलं. मजूर काय नागपुराहून आनसान?" आणखी एक.

तिसऱ्या दिवशी आनंदखेडमध्ये पाणी शून्य, रस्ता शून्य, शाळा एक, आणि चुका सतरा. नानोटीसाहेब हॉलमधून जाताना फळा पाहून थबकले. "हा पाचवा रकाना कसला?" मी म्हणालो, "सर, नागरिकांचा सहभाग." ते मान हलवत गेले.

चुका लिहायला मी रजिस्टर घातलं होतं. त्यात तीन वर्ग: गंभीर, मध्यम, किरकोळ. कायद्याच्या कलमाची चूक गंभीर. वार-तिथीची मध्यम. माती, पाणी, ढोरं, माणसं, सगळं किरकोळ. वकिलानं केलेली वर्गवारी ती, दुसरी कशी असणार?

त्या बॅचमध्ये अकोल्याकडची, पूर्णाकाठच्या टाकळीची दोन माणसं होती. एक सरपंच सुखदेव. पंचविशीतला, मॅट्रिक झालेला, डोक्याला तेल, खिशाला पेन. खेळातही त्याला मी सरपंचच केलं होतं, आणि माझं प्रत्येक वाक्य तो वहीत उतरून घ्यायचा. असा विद्यार्थी मास्तराचं डोकं फिरवतो. दुसऱ्या यमुनाबाई. बायकांसाठीच्या राखीव जागेवर आलेल्या. पन्नाशीच्या असतील. लिहिता-वाचता येत नव्हतं. मागच्या बाकावर पदर घेऊन बसायच्या आणि सदस्य क्रमांक आठ व्हायच्या.

प्रसंग क्रमांक सात पाण्याचा होता. आनंदखेडला पाण्याचं अनुदान मिळालं आहे, ते एकदाच मिळणार. काय कराल? गावतळं खोल कराल, नदीकाठी तीस हात विहीर खणाल, की अनुदान परत कराल? सुखदेवनं विहीर निवडली. मी लिफाफा फोडला: "योग्य निर्णय! बारमाही पाणी. पाणी अधिक चार." टाळ्या. सुखदेवचं तोंड फुललं.

तेवढ्यात मागून आवाज आला, "ते इहीर खारी लागन."

"काय म्हणालात, यमुनाबाई?"

"पूर्णेचा काठ हाय ना तुमच्या गावाले? तुमीच वाचलं. तठी जमिनीत मीठ हाय. तळं करा म्हनावं, पावसाचं पानी गोड असते."

खारपाणपट्टा हा शब्द मी ऐकलेला होता. आपल्याला न झालेल्या आजाराचं नाव ऐकावं तसा. मी नळाचं पाणी पिणारा माणूस. मी हसलो आणि म्हणालो, "अहो बाई, हा खेळ आहे. आनंदखेड कुठं खरंच आहे का?"

हॉल हसला. त्यांनी मार्कही मागितला नाही. मी रजिस्टरात लिहिलं: "प्र. ७, पाण्याच्या चवीबाबत शंका. किरकोळ."

बॅच संपली की सगळे प्रसंग आणि त्यांचे निकाल सायक्लोस्टाइल करून आम्ही ज्याला त्याला घरी न्यायला द्यायचो. कागद स्टॉकमधून गेले याचा पुरावा म्हणून नानोटीसाहेब प्रत्येक पानावर केंद्राचा गोल शिक्का मारवून घेत. आमच्या लेखी तो स्टॉकचा शिक्का. पण गावात गोल शिक्क्याचा कागद म्हणजे काय, हे केंद्रातल्या कोणाच्याच ध्यानात आलं नाही.

दोन-अडीच महिन्यांनी, चैत्रात, एक पोस्टकार्ड आलं. टाकळीच्या शाळेतल्या गुरुजींचं अक्षर, सांगणाऱ्या यमुनाबाई. गुरुजींनी शब्द बदललेले नव्हते.

"वकीलसाहेबास नमस्कार. तुमची चूक आमच्या गावात खंदून राहिले. किती खंदू द्याची ते सांगा."

मी दोनदा वाचलं. खाली गुरुजींनी बारीक अक्षरात सगळी हकिगत लिहिली होती. टाकळीला खरोखरीचं अनुदान मिळालं होतं. सुखदेवनं ग्रामसभेत माझा प्रसंग क्रमांक सात वाचून दाखवला होता, गोल शिक्क्यासकट, "योग्य निर्णय" या शब्दांसकट. तळं म्हणणारे गप्प झाले. यमुनाबाई उठल्या तेव्हा तो म्हणाला होता, "सरकारच्या कागदाले तुमी खारट म्हनता काय?" विहीर पुरी झाली की अनुदान संपलं. मग बायकांनी पुन्हा दोन कोसांवरून पाणी आणायचं, पुढच्या उन्हाळ्यातही आणि त्याच्या पुढच्याही.

आता तुम्हाला वाटेल मी तसाच उठून टाकळीला धावलो. छे! मी नानोटीसाहेबांकडे गेलो.

"जोशी," ते दार लोटून म्हणाले, "वीस तारखेला नागपूरहून साहेब येताहेत. तुमचा खेळ आवडला तर छापून सगळ्या केंद्रांना जाईल. तुमचं कन्फर्मेशन त्याच फाइलमध्ये आहे. तोवर चूकबिक काही निघायला नको. पत्र आलं ना? उत्तर द्या. उत्तर देणं म्हणजे काही करणं नव्हे."

मी उत्तर दिलं. लाज वाटते, पण शब्द आठवतात: "आपले पत्र मिळाले. विषय विचाराधीन आहे." जावक क्रमांक घालून पाठवलं. त्या रात्री जेवण गोड लागलं नाही. बायको म्हणाली, "भाजीत मीठ जास्त झालं का?" मी ताटावरून उठलो.

आठ दिवसांनी दुसरं कार्ड. "तुमचा इचार चालू हाय तवर अकरा हात झाले."

दुसऱ्या दिवशी मी किरकोळ रजा टाकली. बडनेऱ्याहून गाडीनं मूर्तिजापूर, तिथून एसटी, आणि शेवटचे दोन कोस बैलबंडी. वाटेत डोक्यावर पाण्याचा गुंड आणि काखेत कळशी घेतलेल्या बायांची रांग आमच्या बंडीला आडवी गेली. बंडीवाल्याला विचारलं, कुठल्या बाया? म्हणाला, "टाकळीच्याच." मी पाय आखडून घेतले आणि उगाच आभाळाकडे पाहत बसलो.

गावात शिरलो तर सुखदेव समोर धावत आला. त्याला वाटलं मी विहीर पाहायला आलो. "हेच ते साहेब! ह्यायनंच लिहिलं!" तो गावाला ओरडून सांगत होता. मला खड्ड्याशी नेलं. त्याच दिवशी तळाला ओल लागली होती. नारळ फोडला, हळद-कुंकू वाहिलं, आणि पितळी लोट्यात गाळून घेतलेलं पहिलं पाणी माझ्यापुढं धरलं.

"पयलं पानी साहेबाचं!"

सारा गाव उभा. यमुनाबाई एका बाजूला, नजर माझ्या तोंडावर. मी लोटा वर केला आणि घोट घेतला. थुंकायची सोय नव्हती. तो घोट घशाखाली उतरवायला मला जेवढा वेळ लागला तेवढ्या वेळात माझी सगळी वकिली उतरली.

"कसं हाय, साहेब?"

"खारं आहे," मी म्हणालो.

कोणीतरी खोकलं. सुखदेव हसला, पण त्याचा चेहरा पडला होता. "पयलं पानी असंच असते. खाली गोड लागन. तुमच्याच कागदात तीस हात लिहिलं."

"जसंजसं खाली जासान तसंतसं खारं," यमुनाबाई म्हणाल्या.

"सुखदेवराव, माझा कागद चुकीचा आहे," मी म्हणालो. "यांनी मला हॉलमध्येच सांगितलं होतं. मी ऐकलं नाही. तळं खोल करा."

मला वाटलं, एवढ्यानं संपलं. पण एक म्हातारा पुढं आला. "तोंडी काहून? कागदानं खंदलं, कागदानंच थांबन. लिहून द्या."

त्याचं बरोबरच होतं. सुखदेवनं भर सभेत शिक्क्याचा कागद वाचला होता. एका माणसाच्या तोंडच्या बोलावर तो मागं फिरला तर गावात त्याला कोण उभं करील? मी तिथंच बंडीच्या जोखडावर कागद ठेवून लिहिलं: "प्रसंग क्रमांक सातचा निकाल चुकीचा आहे. पूर्णाकाठी पिण्यासाठी विहीर खणू नये." खाली सही ठोकली.

सुखदेवनं कागद उलटा-सुलटा पाहिला. डोळ्यांत पाणी होतं पोराच्या. "साहेब, ह्याच्यावर शिक्का कोठी हाय?"

शिक्का अमरावतीत, नानोटीसाहेबांच्या टेबलावर. "चार दिवस काम थांबवा," मी हात जोडले. "कागद पोस्टानं येतो."

"चार दिवस," यमुनाबाई म्हणाल्या. "इचाराधीन नको."

परत आलो तो थेट नानोटीसाहेबांच्या खोलीत. तारीख अठरा. सगळं सांगितलं आणि कागद पुढं ठेवला. त्यांनी चष्मा काढून पुसला, पुन्हा लावला.

"म्हणजे केंद्रानं चुकीचं शिकवलं, असं केंद्राच्याच शिक्क्यानं तुम्ही लिहून देणार? परवा इन्स्पेक्शन आहे, जोशी! दोन दिवस थांबलात तर काय आभाळ कोसळतं?"

"सर, त्यांनी चारच दिवस काम थांबवलंय. तोवर कागद पोचला नाही तर पुन्हा खणायला लागतील."

"आणि तुमचं कन्फर्मेशन?"

"ते गेलं तर मी कोर्टात जाऊन बसेन. तिथंही मला कोणी विचारत नव्हतं."

त्यांनी कागद माझ्याकडे सरकवला. मग उठले. "शिक्का टेबलावर आहे. मी चहाला चाललोय. मी काही पाहिलेलं नाही." दारापर्यंत जाऊन वळले. "आणि शाई नीट लावा. तुमचे शिक्के नेहमी अर्धवट उठतात."

मी दोन शिक्के मारले, एक वर, एक खाली. रजिस्टर्ड पोस्टानं कागद गेला. टाकळीत तो चावडीवर वाचला गेला, काम चौदाव्या हातावरच कायमचं थांबलं, आणि उरलेल्या अनुदानात, पावसाआधी, सगळ्या गावानं खपून तळं खोल केलं. पुढच्या वैशाखातही त्यात पाणी होतं. त्या अर्धवट खड्ड्याला काटे लावून टाकले आणि लोक त्याला "वकिलाची इहीर" म्हणायला लागले. अजून म्हणतात. माझ्या नावानं उभं राहिलेलं तेवढं एकच बांधकाम, आणि तेही खड्डा.

वीस तारखेला नागपूरचे साहेब आले. सातवा प्रसंग मी गाळला होता; बाकीचा खेळ पाहून ते खूश होते. मग विचारलं, "यादीत बारा प्रसंग आहेत, मी अकराच पाहिले." मी नानोटीसाहेबांकडे पाहिलं, ते छताकडे पाहत होते. मी सांगून टाकलं. साहेबांनी फाइल मिटली, चहा अर्धा ठेवला. छपाई बारगळली. कन्फर्मेशन एक वर्ष पुढं गेलं. पुढं कधीतरी मला माझा गोपनीय अहवाल पाहायला मिळाला. त्यात नानोटीसाहेबांच्या सुरेख अक्षरात एक ओळ होती: "चुका लेखी कबूल करण्याची सवय आहे. सुधारणेस वाव." त्यांच्या जागी मी असतो तर याहून वाईट लिहिलं असतं.

मार्क देणं मी बंद केलं. मार्कासाठी चूक काढणारे पुष्कळ भेटतात, आणि त्यांच्या चुकाही खऱ्या असतात. पण जो मार्क न मागता चूक सांगतो त्याचं आधी ऐकावं, कारण बहुधा ते पाणी त्यालाच भरावं लागणार असतं. एवढं शिकायला मला एक अख्खी विहीर लागली. बरं, अर्धी.

दुसऱ्या वर्षी खेळ नव्यानं लिहायला घेतला तेव्हा मी यमुनाबाईंना केंद्रावर बोलावून घेतलं. दोन दिवस मी वाचत होतो आणि त्या डोळे मिटून ऐकत होत्या. बाराही संपले. मी म्हणालो, "आता सांगा. काय चुकलंय?"

"पानी बरोबर हाय आता. ढोरं बी बरोबर हायेत." मग डोळे उघडून म्हणाल्या, "पन आनंदखेडातल्या बाया कोठी गेल्या? येक बी तोंड उघडत नाही."

"आहे की. सदस्य क्रमांक आठ."

"ते काय बोलते?"

मी कागद चाळले. बाराही प्रसंगांत सदस्य क्रमांक आठला मी एकच शब्द दिला होता: "सहमत." जुन्या खेळातही तोच, नव्यातही तोच. मागच्या बाकावर पदर घेऊन त्या दहा दिवस तोच एक शब्द बोलत बसल्या होत्या, आणि जी गोष्ट मी कागदावर दिली नव्हती ती एकदाच बोलल्या, तर मी हसलो होतो.

सदस्य क्रमांक आठला तोंड उघडायला लावणारा तेरावा प्रसंग लिहायला मला दीड महिना लागला. तो ऐकायला त्या पुन्हा आल्या आणि त्यात चार चुका काढल्या. तीन मी तिथंच दुरुस्त केल्या. चौथीवरून एसटी स्टँडपर्यंत आम्ही भांडत गेलो. "नाही बाई, ही चूक नाही, मला कायदा माहीत आहे," असं मी खिडकीतून सांगत असतानाच बस सुटली. घरी परत चालत येताना राजापेठेच्या वळणावर मला पटलं की त्यांचंच बरोबर होतं. म्हटलं, पुढच्या खेपेला सांगू. ती खेप काही आली नाही.